कॅसेटमधल्या बाया

१

पहिली पाळी सुटली की धर्मराज जालन्याहून पॅसेंजरनं बदनापूरला यायचा, आणि घरी जायच्या आधी स्टेशनसमोर याकूबभाईच्या दुकानात टेकायचा. दुकान म्हणजे टपरीहून जरा मोठी खोली. दारावर 'रेकॉर्डिंग सेंटर' अशी पाटी, आत भिंतभर कॅसेटी आणि काउंटरमागं दोन डेक. कव्वाल्या, भजनं, लग्नातली गाणी, सिनेमातली रडकी गाणी, ज्याला जे पाहिजे ते याकूबभाई भरून द्यायचा. सत्त्याण्णव साल होतं. औरंगाबादेत सीडी नावाची चीज आली म्हणतात, असं लोक सांगायचे. बदनापुरात ती अजून कोणी डोळ्यांनी बघितली नव्हती.

धर्मराजला यातलं काहीच नको असायचं. त्याला लागायची काळ्या कव्हरची कॅसेट, जिच्यात माणूस गातोय की कोणी त्याचा गळा दाबतंय हे कळायला मार्ग नसायचा. औरंगाबादच्या हॉस्टेलातल्या एका पोरानं असल्या दहा-बारा कॅसेटी याकूबभाईकडं नकला काढायला दिल्या होत्या. पहिलीच ऐकून याकूबभाईनं कानात बोटं घातली. धर्मराज मात्र काउंटरला रेलून शेवटपर्यंत ऐकत राहिला. तो लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता. तापून लाल झालेली सळई रुळांतून किंचाळत बाहेर पडते तो आवाज तो रोज ऐकायचा, आणि त्या आवाजाचं कोणी गाणं करत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

कव्हरवर पत्ता होता. धर्मराजनं डिक्शनरी पुढ्यात घेऊन पत्र लिहिलं, आणि महिन्या-दीड महिन्यानं पोलंडहून मारेक नावाच्या माणसाचं उत्तर आलं, सोबत दोन कॅसेटी. या लोकांचा रिवाजच न्यारा. पैशाची बात नाही. तुम्ही तुमची कॅसेट पाठवायची, ते त्यांची पाठवतात, आणि प्रत्येक कव्हरवर खाली छापलेलं असतं, 'नक्कल काढा, पुढं द्या.' नुसतं घेत राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून धर्मराजनंही आपली कॅसेट केली. मिलमधले आवाज डबड्यासारख्या रेकॉर्डरवर धरले, टेप हळू फिरवून त्यांना जड केलं, आणि आपल्या या एकट्याच्या बँडला नाव दिलं 'राखुंडी'. नाव ऐकून याकूबभाई हसून हसून खोकला.

मारेकला ते आवाज आवडले. फक्त त्यानं लिहिलं की लोखंड आमच्याकडंही आहे; तुमच्याकडं मरण कसं ऐकू येतं ते पाठव.

२

गोजरबाई धर्मराजची मावशी. तो रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली, आणि पोटी काही नसलेल्या या मावशीनं त्याला अंतरवाली सराटीत वाढवलं. तिचा नवरा गेल्यावर धर्मराज तिला बदनापूरला घेऊन आला. अंगणाची सवय असलेली बाई पत्र्याच्या दोन खोल्यांत कशीबशी रुळली. गावात तिचं नाव होतं ते रडण्यासाठी. कोणाच्याही घरी मयत झालं की गोजरबाईला बोलावणं जायचं. ती हेल काढून रडायची, गेलेल्या माणसाचं सगळं चरित्र सुरात सांगायची, आणि बाकीच्या बाया मागून सूर धरायच्या. ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. रडणं संपलं की गोजरबाई डोळे पुसून चहा मागायची, ते वेगळं.

"मावशे, तुझं रडणं टेपात भरायचंय," धर्मराज म्हणाला.

"मयत कुठंय?"

"मयत न्हाई. असंच."

"असंच कसं? नाव लागतं, धर्मा. नाव न्हाई तर शब्द कुठून येतेन?"

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "माझ्याच नावानं रडते."

धर्मराज चरकला. "काहीबी काय बोलून राह्यली?"

"भ्यायचं काय त्यात? डोक्याला कावळा शिवला का आपल्याकडं मेल्याची खोटी बातमी धाडतेत. सोयरे रडतेत, आन् माणसाचं आयुष्य वाढतं. आन् खरं सांगू का, मला लेक न्हाई. मी मेल्यावर कोन रडंल? तुला येतं का?"

धर्मराज उठला. त्यानं दार लावलं, खिडकीत चादर कोंबली, पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद केला. भर दुपारी त्या तापलेल्या खोलीत गोजरबाई डोक्यावर पदर घेऊन बसली आणि स्वतःसाठी रडली. "माझे गोजरे, दुसऱ्याच्या दारात जन्म गेला गं बाई तुझा. लोकाचं मढं झाकलंस, तुझ्या तोंडावर पदर कोन घालंल गं..." लहानपणी मेलेला भाऊ, विहिरीवरचं सासुरवासाचं पाणी, न झालेली लेकरं, सगळं त्यात आलं. धर्मराजला रडू आवरलं नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

रडणं थांबलं तसं तिनं डोळे पुसले. "आलं का बराबर? मंग चहा टाक," ती म्हणाली.

३

एका बाजूला मिलचे आवाज, दुसऱ्या बाजूला मावशी. कॅसेटचं नाव त्यानं 'सुतक' ठेवलं. कव्हरसाठी मिलच्या राखेत हात बुडवून कागदावर उमटवला, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि खाली रिवाजाप्रमाणं 'नक्कल काढा, पुढं द्या' असं इंग्रजीत लिहिलं.

नकला याकूबभाई काढत होता. एका डेकला मूळ कॅसेट, दुसऱ्याला कोरी. एरवी तो आवाज बंद करून ठेवायचा, कारण दिवसभर तेच तेच ऐकलं तर माणूस वेडा होईल असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी मात्र मावशीचा आवाज लागला आणि त्याला बंद करवलं नाही. पहिल्या काही नकला निघाल्या, त्यातली एक तो तपासायला ऐकत बसला होता. तेवढ्यात धर्मराज आला.

"धर्मराज, ये दुसरी बाई कोन हाय?"

"दुसरी कोणती?"

"मागून सूर धरून राह्यली ना. ऐक."

धर्मराजनं ऐकलं. मावशीचा हेल जिथं संपायचा तिथं, जरा लांबून, दुसरी एक बाई तोच सूर उचलत होती. आवाज पातळ, म्हाताऱ्या बाईचा. मावशीनं श्वास घेतला की ती रडायची, मावशी सुरू झाली की थांबायची. शिकलेली, सवयीची रडणारी होती.

त्यांनी मूळ कॅसेट लावली. तिच्यात एकटी मावशीच होती.

"तुम्ही जुन्याच कॅसेटी पुसून कोऱ्या म्हणून खपवता, याकूबभाई," धर्मराज म्हणाला. "खालचं कायतरी राहिलं असंल."

याकूबभाईला राग यायला पाहिजे होता, कारण ही गोष्ट अगदी खरी होती. तो म्हणाला, "हां, तसंच असंल," आणि कॅसेट डेकमधून काढून काउंटरवर उलटी ठेवली.

धर्मराजला मात्र तो दुसरा आवाज आवडला होता. मारेकला आणि मारेकनं दिलेल्या आणखी दोघा-तिघांच्या पत्त्यांवर त्यानं त्याच नकला पोस्टानं धाडून दिल्या.

४

पुढच्या खेपेला त्यानं जालन्याहून सीलबंद कॅसेटी आणल्या. वरचा चकचकीत कागद याकूबभाईच्या समोर फाडला. आता खाली काही राहायचा प्रश्न नव्हता.

नक्कल निघाली, दोघं ऐकायला बसले. बाया आता पाच-सहा तरी होत्या. कोणी नाक ओढत होतं, कोणाच्या बांगड्या वाजत होत्या. ज्या खोलीत धर्मराजनं रेकॉर्डिंग केलं ती खोली या आवाजात नव्हतीच. हे एखाद्या मोठ्या, उघड्या अंगणात बसल्यासारखं घुमत होतं. रडणं थोडं ओसरलं तेव्हा एका बाईनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "पाणी तापलं का?" मग तांब्या घंगाळात बुडाल्याचा आवाज आला, आणि पाणी ओतल्याचा. पाणी फरशीवर पडत नव्हतं. आधी कशावर तरी पडत होतं आणि मग खाली निथळत होतं.

याकूबभाईनं डेक बंद केला.

धर्मराजनं डोकं ठिकाणावर ठेवायचा प्रयत्न केला. मिलमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचे कान शिट्ट्या मारतातच. डेकचं हेड झिजलं की कुठलाही आवाज कुठंही उमटतो. रेडिओ पकडला जातो, असंही त्यानं ऐकलं होतं. पण याकूबभाईचे कान ठीक होते, आणि रेडिओवर मयताची आंघोळ कोणी लावत नाही.

"तुझी कॅसेट घेऊन जा, भाई," याकूबभाई हळूच म्हणाला. "पैसे राहू दे. मला ह्या मौतीत बसवू नको."

धर्मराज घरी आला तेव्हा दिवस मावळतीला आला होता. गोजरबाई उंबऱ्यात बसली होती, मोकळे पांढरे केस पाठीवर सोडून. केस ओले होते, त्यांतून पाणी गळत होतं. नळाला मात्र दोन दिवस पाणी आलं नव्हतं आणि हंडा घरात पालथा पडलेला होता.

"मावशे, आंघोळ कशानं केली?"

"मी कुठं केली?" ती म्हणाली. "त्यांनी घातली. कढत पाणी होतं, बरं वाटलं."

"कोणी घातली?"

"तू जेव आधी. दुपारपासून उपाशी हायेस."

५

त्या दिवसापासून धर्मराजनं एकही नक्कल काढली नाही. मूळ कॅसेट पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटीवर शिलाई मशीन ठेवलं. हे असलं कुलूप लावून काय होणार होतं, देव जाणे; पण माणूस घाबरला की जड वस्तूवर विश्वास ठेवतो.

काही दिवस बरे गेले. मग गोजरबाईची भूक गेली. चतकोर भाकरी कशीबशी खायची, मग तीही नको झाली. आजारी मात्र वाटत नव्हती. उलट खुशीत असायची. सारखी दाराकडं बघायची, डोक्यावरचा पदर नीट करायची, घरी पाहुणे असल्यासारखं हळू बोलायची.

"लई बाया आल्यात, धर्मा. अंतरवालीच्या हायेत, आन् वळखीच्या न्हाईत त्या बी हायेत."

धर्मराजनं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं वयाचं कारण सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. सुई टोचायला चोळीची बाही वर केली तेव्हा तिच्या दोन्ही दंडांवर वळ दिसले. दोरीनं आवळून बांधावं तसे, एकाखाली एक. नर्स धर्मराजकडं असं बघायला लागली की त्याला जमीन फाटावी असं झालं.

"मी न्हाई केलं," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला.

त्याला एकच गोष्ट समजेना. तो तर नकला काढत नव्हता. मग हे पुढं सरकत कशानं होतं?

उत्तर मारेकच्या पार्सलमधून आलं. आत एक कॅसेट आणि चार ओळी. तुझी 'सुतक' इथं सगळ्यांना फार आवडली, मी नकला काढून दिल्या, त्यांनी पुढं दिल्या, आता ती कुठं कुठं पोचली मलाच माहीत नाही. फिरत फिरत यातली एक परत माझ्याकडं आली, ती माझ्या कॅसेटपेक्षा बरीच लांब आहे, तीच पाठवतोय. तू नवी काढलीस का? इतकी माणसं कुठून जमवलीस?

धर्मराजनं ती कॅसेट दुपारी, दार उघडं ठेवून ऐकली. मावशी रडत होती, बाया सूर धरत होत्या, आंघोळ झाली. त्यापुढचं त्यानं ऐकलेलं नव्हतं. बांबू फोडल्याचा आवाज. सुंभ ओढून गाठ मारल्याचा, गाठीमागून गाठ. एक पुरुष म्हणाला, "दंडाशी घट्ट घे." मग सगळ्यांनी एकदम जोर लावून काहीतरी उचललं, आणि अनवाणी पावलं चालायला लागली. बरीच चालली. रडणं मागून येत राहिलं. मग कोणीतरी "विसावा" म्हणालं आणि तिरडी जमिनीला टेकली.

विसाव्याला खांदेकरी जागा बदलतात, आणि तिरडी पुन्हा उचलली की थेट सरणावर जाते. कॅसेटवर यापुढं नुसती खरखर होती. पण ती या कॅसेटवर. पोलंडात, आणखी कुठं कुठं, कोणीतरी आत्ता डेकमध्ये दुसरी कोरी कॅसेट घालत असेल. त्याला मारेक आणि ते दोघे-तिघे माहीत होते, पुढच्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. कोणाकोणाला थांबवणार? 'पुढं द्या' असं त्यानं आपल्याच हातानं लिहिलं होतं.

६

शेवटी त्यानं गोजरबाईला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. दचकली नाही की रडली नाही.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "आपली चुकी झाली, धर्मा. खोटं रडणं झालं का सांजच्या आत सांगावं लागतं. घरचं माणूस जातं आन् म्हणतं, बाई जिती हाय, उठा, गोड खा. मंग बाया शिव्या देतेत, हसतेत आन् घरी जातेत. ह्या बायांना कोणी सांगितलंच न्हाई. त्या बिचाऱ्या रडून राह्यल्या."

"मंग तू सांग ना त्यांना! टेपात बोल, मी जिती हाय म्हणून."

"मेलेल्यानं सांगून कोन ऐकतं?" गोजरबाई साधेपणानं म्हणाली. "घरच्यानं सांगावं लागतं."

"मंग मी सांगतो. आत्ता सांगतो."

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग दाराकडं बघत म्हणाली, "राहू दे, धर्मा. माझ्यासाठी इतक्या बाया कधी आल्त्या?"

हे ऐकून धर्मराजचा तोल गेला. आयुष्यात तो मावशीवर कधी ओरडला नव्हता, तो ओरडला. "मला नको त्या बाया! मला तू पाहिजे. कोन हाय मला तुझ्याशिवाय?" आणि मग लहान पोरासारखा तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. तिचा हात त्याच्या केसांवर आला. हात गार होता.

"बरं," ती म्हणाली. "सांग मंग."

७

मारेकच्या कॅसेटची मागची खाच मोकळी होती, म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग होऊ शकत नव्हतं. धर्मराजनं तिच्यावर चिकटपट्टी लावली. तिरडी टेकते तिथपर्यंत टेप पुढं नेली. पंखा बंद केला. मावशी समोर बसली, पदर तोंडाशी धरून. त्यानं लाल बटण दाबलं आणि माइक हातात घेतला. काय बोलायचं ते त्यानं मनात घोकलं होतं, तरी आवाज कापला.

"बायांनो, रडू नका. गोजरबाई जिती हाय. ही बघा, माझ्यापुढं बसली हाय. मी तिचा भाचा, धर्मराज, घरचा माणूस, सांगून राह्यलो. ते रडणं खोटं होतं. चुकी आमची झाली. उठा, गोड खा, आन् आपापल्या घरी जा."

नंतर त्यानं टेप तशीच फिरू दिली. खोलीत कसलाही आवाज नव्हता. गल्लीतून सायकल गेली, तेवढीच.

टेप संपून बटण खटकन वर आलं. त्यानं ती मागं फिरवली आणि कानाला हेडफोन लावले. मावशीला हे ऐकू द्यायचं नाही असं त्यानं आधीच ठरवलं होतं.

"धर्मा," ती मध्येच म्हणाली, "भूक लागली रे." ती भिंतीचा आधार न घेता उठली, स्टोव्ह पेटवला आणि परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. किती दिवसांनी! धर्मराजचे डोळे भरून आले. त्यानं बटण दाबलं.

तिरडी टेकली. बायांचं रडणं चालू होतं. मग त्याचाच आवाज आला, कापरा, 'बायांनो, रडू नका'. त्याचं बोलणं पुढं गेलं तसं एकेक रडणं थांबत गेलं. 'जिती हाय' म्हटल्यावर कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. एक बाई हसलीसुद्धा. बांगड्या वाजल्या, पदर झटकल्याचे आवाज आले, बाया उठत होत्या. धर्मराजनं श्वास सोडला.

मग त्या पहिल्या पातळ आवाजाच्या म्हातारीनं, माइकला तोंड लावल्यासारखं अगदी जवळून विचारलं, "मंग तिरडीवर कोन हाय?"

सगळं अंगण थांबलं. अनवाणी पावलं दोन-चार पुढं आली. तोंडावरचं कापड हळूहळू बाजूला ओढल्याचा आवाज झाला.

बराच वेळ नुसती खरखर होती. त्यानंतर एका बाईनं हेल काढला. तो हेल धर्मराज लहानपणापासून ओळखत होता. मावशीचा आवाज, पण हे रडणं त्यानं कधी भरलेलं नव्हतं. "माझ्या धर्मा रे, लोखंडाच्या धगीत राबलास रे माझ्या राजा. म्हातारीला मागं ठेवून कसा रे गेलास..." आणि मागून सगळ्या बायांनी एकदम सूर धरला.

त्यानं मान वर करून पाहिलं. मावशी त्याच्यापासून चार हातांवर बसली होती. भाकरी थापत होती. तिचे ओठ मिटलेले होते. गालावर रंग आला होता, आणि बाही वर सरकलेल्या दंडावर एकही वळ नव्हता.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "काय म्हणल्या रे? ऐकलं का त्यांनी?"

कानात रडणं चढत चाललं होतं. धर्मराजनं हेडफोन काढून बाजूला ठेवले आणि टेप बंद केली.

"ऐकलं, मावशे," तो म्हणाला. "हसल्या. घरी गेल्या समद्या."

"बघ, मी म्हणलं न्हवतं का? घरच्यानं सांगावं लागतं." ती खुदकन हसली, आणि डब्यातला गुळाचा मोठा खडा फोडून अर्धा त्याच्या ताटात ठेवला. "गोड खा आधी. मंग भाकरी."

धर्मराजनं गूळ तोंडात घातला आणि तिच्यासमोर जेवायला बसला.